वासोटा ट्रेक: फाट्यावर कोणीही एकटं थांबणार नाही

नाना (बी-२०३): वासोटा किल्ल्याच्या ट्रेकची तारीख कोणी ठरवली? गच्चीवर चार जण बसून ठरवतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर फक्त 'नावं द्या' येतं. मागच्या वर्षी वाटेतल्या फाट्यावर काकू एकटी मागे राहिली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर आधी बोलू, मग तारीख.

सेक्रेटरी (ए-३०४): नाना, नमस्कार. तारीख प्रस्तावित आहे, अंतिम नाही. डिसेंबरचा दुसरा रविवार. पावसाळ्यात तिकडची वाट बंद असते, आणि जानेवारीत लग्नं आहेत.

दादा (सी-४०१): नाना, परत तेच? एक वर्ष झालं. आम्ही नागेश्वरची गुहा करून आलो, सगळे सुखरूप घरी पोचले.

नाना (बी-२०३): सुखरूप पोचले ते नशीब. बोटवाला अंधार पडायच्या आत निघायचं म्हणत होता. जंगल खात्याच्या चौकीवर दोनदा विचारून झालं, तुमचे किती आत आहेत म्हणून. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही. तुम्ही आला नसतात तर आम्ही काय सांगणार होतो?

भाऊ (सी-१०१): सर्वांना विनंती. ट्रेकला येताना परफ्यूम, डिओ, सेंटचं तेल लावू नये. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

माई (ए-१०२): किती चढ आहे हो? मला जमेल का?

ताई (बी-५०१): माई, पायथ्याच्या मेट इंदवलीपासून वर जायला आम्हाला अडीच तास लागले होते. जवळजवळ पूर्ण वाट झाडीतून आहे, त्यामुळे ऊन लागत नाही. शेवटचा टप्पा उघडा आणि खडा. सावकाश चढलात तर जमेल. त्याआधी बामणोलीहून बोटीत तासभर बसायचं, ते तुम्हाला आवडेलच.

वहिनी (डी-२०२): बोटीवरून एक सांगते. मागच्या वेळी मुलांनी स्पीकर लावला होता. आपण ज्या शिवसागर जलाशयावरून जातो ना, त्याच्या तळाला कोयना धरणात गेलेली गावं आहेत. माझ्या आजोबांचं घर त्या पाण्याखाली आहे. पाणी खूप उतरलं की जुनी जोती दिसायची, असं आई सांगते. यंदा बोटीत गाणी नकोत. एवढंच.

दादा (सी-४०१): वहिनी, हे मला माहीत नव्हतं. स्पीकर माझाच होता. यंदा आणणार नाही.

काका (ए-५०२): वर पंपाचं काय झालं? सकाळपासून पाचव्या मजल्यावर पाणी नाही.

सेक्रेटरी (ए-३०४): काका, पंपवाला ११ वाजता येतोय. तो विषय मेन्टेनन्सच्या ग्रुपवर घ्या, प्लीज.

काका (ए-५०२): तिथे कोणी बघत नाही म्हणून इथे.

नाना (बी-२०३): फाट्याबद्दल कोणी बोलणार आहे का?

दादा (सी-४०१): बरं, बोलतो. वासोट्याला नुसतं चढून त्याच वाटेने उतरणं म्हणजे अर्धाच ट्रेक. खरी मजा फेरीची. चढताना मध्ये फाटा फुटतो, एक वाट गडावर, दुसरी नागेश्वरला. आधी गड, मग पुन्हा फाट्यावर येऊन धारेधारेने नागेश्वराची गुहा, आणि तिथून ओढ्याच्या वाटेने थेट खाली मेट इंदवली. एकदा त्या धारेवरून कोकणात डोकावलात ना, की कळेल मी का मागे लागलोय.

नाना (बी-२०३): मजेला कोणाचीच ना नाही. पण ज्यांना ती फेरी झेपत नाही त्यांना न विचारता तुम्ही निघून गेलात. फाट्यावर. 'आलोच' म्हणून.

पक्या (सी-३०३): नाना, आम्ही विचारलं होतं. काकू 'जा' म्हणाल्या.

नाना (बी-२०३): काकू काय म्हणणार? सगळे सॅक लावून उभे, आणि ही म्हणणार 'नका जाऊ'?

भाऊ (सी-१०१): परफ्यूम लावू नये. शेकोटी, धूर, सिगारेट काहीही नको. आग्या मोहोळ.

पक्या (सी-३०३): भाऊ, तिसऱ्यांदा.

भाऊ (सी-१०१): दुसऱ्यांदा. आणि अजून सांगणार. एका गडावर माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाच्या मानेवर माश्यांचा थवा बसला होता. पळायला जागा नव्हती. ते ज्याने पाहिलंय तो दहादा सांगेल.

बाळू (डी-४०४): वासोटा आता युनेस्कोच्या यादीत आलाय ना? फोटो काढायलाच हवेत मग.

मास्तर (बी-१०४): नाही. २०२५ साली जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. वासोटा त्यात नाही. पण तुम्ही ज्या रानातून चालणार आहात ते कोयना अभयारण्य पश्चिम घाटाबरोबर २०१२ पासूनच जागतिक वारसा आहे. म्हणजे तिथे किल्ल्याआधी जंगलाचा मान झाला.

बाळू (डी-४०४): मास्तर, धन्यवाद. पण गडावर बघायला फारसं काही नाही म्हणतात. पडकं आहे सगळं.

मास्तर (बी-१०४): पडकं आहे म्हणून बघायचं नाही? दरवाजातून आत शिरलात की बिनछपराचा मारुती आहे. वाड्याची जोती आहेत, महादेवाचं देऊळ आहे, चुन्याचा घाणा आहे. या दाट रानामुळेच वासोटा तुरुंगासारखा वापरला गेला. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची मंडळी इथे ठेवली होती. दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते. १८१८ साली इंग्रजांनी या डोंगरात तोफा चढवल्या तेव्हा गड पडला. त्याआधी ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला होता. एका बाईने. त्या जोत्यावर बसून डबा खाताना मुलांना हे सांगायला हवं.

माई (ए-१०२): आता मला यायचंच आहे.

ताई (बी-५०१): आणि बाबूकडा राहिला, मास्तर. गडाच्या टोकावरून तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा आणि पलीकडे जुन्या वासोट्याचा डोंगर. मी तिथे काही वेळ नुसती उभी होते, बोलावंसंच वाटेना.

मास्तर (बी-१०४): बरोबर. पण तिथे कठडा नाही. मुलांचे हात धरायचे.

नाना (बी-२०३): इतिहास झाला, पंप झाला, मधमाश्या झाल्या. फाटा.

दादा (सी-४०१): नाना, तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदा लिहा. माफी मागायची तर मागतो.

नाना (बी-२०३): माफी नकोय. नियम हवाय.

हा मेसेज डिलीट केला आहे.

पक्या (सी-३०३): दादा, काय डिलीट केलंस? मी वाचलं.

सेक्रेटरी (ए-३०४): कृपया वैयक्तिक पातळीवर येऊ नये. आपण सगळे शेजारी आहोत.

काकू (बी-२०३): मी बोलू का? नाना माझ्या वतीने वर्षभर भांडताहेत, मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. फाट्यावर थांबायचं मीच ठरवलं, गुडघा दुखत होता. रानात एकटी बसायची मला भीती वाटली नाही. वर शेकरू उड्या मारत होतं, मी बराच वेळ तेच बघत होते. पण माझी पाण्याची बाटली पक्याच्या सॅकमध्ये होती. ती नागेश्वरला गेली. दोन तास माझ्याकडे पाणी नव्हतं, आणि फोनला रेंज नव्हती. वाटेवरून कोणी अनोळखी उतरला असता तर मागितलं असतं, पण कोणी आलंच नाही. राग त्याचा आहे. मला सोडून गेलात त्याचा नाही, माझं सामान कोणाकडे आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही त्याचा.

पक्या (सी-३०३): काकू, मला आत्ता कळतंय. बाटली घरी आल्यावर सॅकमध्ये सापडली, मी वॉचमनकडे ठेवली. एकदाही वाटलं नाही की तिथे तुमच्याकडे दुसरी नसेल. माफ करा. मी संध्याकाळी येतो घरी.

काकू (बी-२०३): ये. जेवायलाच ये.

दादा (सी-४०१): काकू, चुकलंच. मी लीडर म्हणवत होतो आणि सॅक तपासल्या नाहीत.

नाना (बी-२०३): मला हे पाणी प्रकरण घरात पण सांगितलं नव्हतंस.

काकू (बी-२०३): सांगितलं असतं तर तुम्ही बोटीतच भांडला असता.

ताई (बी-५०१): मग आता ठरवू या. दोन गट, पण ते बामणोलीला ठरणार, फाट्यावर नाही. फेरीवाले पहिल्या बोटीने, उजाडताच. गडवाले मागून. प्रत्येक गटात एक पुढे आणि एक सगळ्यात शेवटी. शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही.

दादा (सी-४०१): मान्य. फेरीच्या गटासाठी बामणोलीहून वाटाड्या घेऊ. नागेश्वरहून उतरताना ओढ्यात वाट चुकते, मागच्या वेळी आमचा पाऊण तास तिथेच गेला. तेव्हा हे सांगितलं नव्हतं.

नाना (बी-२०३): आज सांगितलंस, बरं केलंस. आणि दुपारी १ वाजेपर्यंत नागेश्वरला पोचला नाहीत तर असाल तिथूनच मागे फिरायचं. गुहा कुठे पळून जात नाही. कोणी बसलाच तर त्याच्याबरोबर दुसरा बसायचा.

मास्तर (बी-१०४): आणि प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पाठीवर. तीन लिटर. गडावरच्या टाक्याच्या भरवशावर राहायचं नाही.

वहिनी (डी-२०२): रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. चौकीवर मोजून घेतात, पण मोजत नसते तरी आणल्या असत्याच. पहाटे निघणारे आवाज न करता चाला, गवे आणि अस्वलं त्यांच्या घरात असतात.

भाऊ (सी-१०१): परफ्यूम.

माई (ए-१०२): लक्षात आहे हो भाऊ. माझं अत्तर घरीच ठेवते.

काका (ए-५०२): पंप चालू झाला. पाणी आलं.

सेक्रेटरी (ए-३०४): नावं खालीलप्रमाणे पुढे लिहा. गट स्पष्ट लिहा.
१. सेक्रेटरी, गड
२. दादा, फेरी
३. ताई, फेरी
४. मास्तर, गड

माई (ए-१०२): ५. माई, गड. जमेल तेवढा.

पक्या (सी-३०३): ६. पक्या, गड. माईंच्या मागे, शेवटचा.

दादा (सी-४०१): अरे, तू तर फेरीसाठी वर्षभर थांबला होतास.

पक्या (सी-३०३): पुढच्या वर्षी.

काकू (बी-२०३): ७. नाना, गड. ८. काकू, गड. बाटली माझ्याकडे.