मदत हवी आहे: सीटीवर मोजलेलं यकृताचं आकारमान आणि ग्राफ्टचं वजन जुळत नाही

शल्यविद्यार्थी

नमस्कार. यकृत प्रत्यारोपणात जिवंत दात्याच्या सीटीवरून उजव्या लोबच्या ग्राफ्टचं (रुग्णाला बसवायच्या यकृताच्या भागाचं) आकारमान आधी मोजायचं आणि शस्त्रक्रियेत ग्राफ्ट बाहेर आल्यावर तराजूवरच्या वजनाशी ताडून पाहायचं, असा प्रबंधाचा विषय आहे. ३० दाते झालेत. मोजणी थ्री-डी स्लायसर या सॉफ्टवेअरवर, पोर्टल व्हेनस फेज (इंजेक्शनचं औषध पोर्टल शिरेत भरलेलं असतानाची सीटी), ५ मिमी स्लाइस. १ मिली म्हणजे १ ग्रॅम धरलंय.

जवळजवळ प्रत्येक वेळी सीटीचा आकडा वजनापेक्षा जास्त येतोय. उदाहरणार्थ सीटी ८१२ मिली, प्रत्यक्षात ६९० ग्रॅम. दुसऱ्या निरीक्षकाचे आणि माझे आकडे काही दात्यांत ६०-७० मिलीने वेगळे आहेत, तरी पिअरसनचा आर (सहसंबंधाचा गुणांक) ०.९१ येतो. मोजणीत चूक आहे की एवढा फरक येणारच? सरसकट ०.८५ ने गुणलं तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

कृष्णधवल

फरकाची दिशा बरोबर आहे. सीटीत दिसतं ते रक्ताने भरलेलं यकृत. तराजूवर येतो तो प्रिझर्वेशन द्रावणाने धुऊन रक्त काढलेला ग्राफ्ट. त्यामुळे वजन कमीच भरतं. ०.८५ च्या आसपासचे गुणक बऱ्याच अभ्यासांत आलेले आहेत, पण दुसऱ्याचा गुणक उचलू नका, कारण त्यात त्या केंद्राची स्लाइसची जाडी, धुण्याची पद्धत आणि वजनाची वेळ मिसळलेली असते.

५ मिमी स्लाइसवर ही मोजणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घुमटाशी आणि खालच्या कडेला एकाच व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या त्रिमितीय ठिपक्यात) अर्धं यकृत, अर्धी चरबी किंवा फुप्फुस येतं. अशी कड आत धरायची की बाहेर, हे प्रत्येक निरीक्षक आपल्या मनाने ठरवतो. कन्सोलवर मूळ डेटा असेल तर १ ते १.५ मिमीचं रिकन्स्ट्रक्शन मागून घ्या. स्लाइस एकमेकींवर चढत असतील (जाडी १ मिमी, अंतर ०.७ मिमी), तर आकारमान अंतरावरून निघतं, जाडीवरून नाही. जेपीजी चित्रं रचून हाताने जाडी भरली असेल तर आकडा तिथेच दीडपटीजवळ जातो. डायकॉम (सीटीच्या मूळ फाइल) थेट उघडा आणि लोड करताना आलेली स्लाइसच्या अंतराची सूचना न वाचता पुढे जाऊ नका.

पित्ताशय, अधोमहाशिरा, पोर्टल शिरेचं मुख्य खोड आणि हायलमची (शिरा यकृतात शिरतात त्या जागेची) चरबी वगळायची. यकृताच्या आतल्या शिरा ठेवायच्या. हा नियम मोजणी सुरू करण्यापूर्वी लेखी हवा.

टोटलसेगमेंटेटर या स्वयंचलित सॉफ्टवेअरने पहिला आराखडा काढून हाताने दुरुस्त करता येतो, वेळ खूप वाचतो. पण दोघांनी एकच स्वयंचलित आराखडा दुरुस्त केला, तर तुमच्यातली सहमती खोटी वाढलेली दिसेल. निदान १० दाते दोघांनी कोऱ्या पाटीवरून, स्वतंत्रपणे मोजा.

मधली_शिरा

रेडिऑलॉजीची बाजू वर आलीच आहे. शल्यचिकित्सेच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, कापाची रेषा. मध्य यकृतशिरा ग्राफ्टबरोबर गेली की दात्याकडे राहिली? ती दात्याकडे ठेवून कापलं असेल तर प्रत्यक्ष रेषा शिरेच्या उजवीकडे असते. संगणकावर मात्र बहुतेक जण रेषा शिरेच्या मधोमध मारतात. कापाचा पृष्ठभाग ८० चौरस सेंमी धरला, तर रेषा अर्धा सेंमी सरकल्यावर ४० मिलीचा फरक पडतो. दोन निरीक्षकांतल्या ६०-७० मिलीचं मूळ मला इथेच दिसतं. यकृतशिरा नीट भरलेल्या फेजवरच रेषा आखा. इंजेक्शननंतर ७० सेकंदांच्या आसपास त्या बहुधा चांगल्या दिसतात, त्याआधीच्या फेजवर अंदाजाने आखावी लागते.

दुसरी, वजन. धुण्याआधी की नंतर? भांड्याचं वजन वजा केलं का? बर्फाचे तुकडे चिकटले होते का? धुतल्यावर ठरावीक वेळ निथळू द्या, तराजू एकच ठेवा आणि वेळ लिहा.

आणि हे का महत्त्वाचं ते पाहा. रुग्ण ७८ किलोचा, सीटीवर ग्राफ्ट ६९० मिली. १ मिली = १ ग्रॅम धरलं तर ग्राफ्ट-वजनाचं प्रमाण (रुग्णाच्या वजनाच्या किती टक्के ग्राफ्ट) ०.८८ टक्के, म्हणजे नेहमी धरली जाणारी ०.८ ची मर्यादा ओलांडलेली, निर्धास्त. ०.८५ लावलं तर ग्राफ्ट ५८७ ग्रॅमचा आणि प्रमाण ०.७५ टक्के. लहान ग्राफ्टच्या धोक्याची चर्चा शस्त्रक्रियेआधी व्हायला हवी असा हा रुग्ण आहे. दात्याकडे उरणाऱ्या यकृताचा हिशोबही त्याच मोजणीतून निघतो. प्रबंधात हा मुद्दा ठळक मांडा.

विचलन

पिअरसनचा आर इथे काढून टाका. प्रत्येक आकडा दुप्पट आला असता तरी आर ०.९१ च राहिला असता. ब्लँड-ऑल्टमन आलेख काढा: आडव्या अक्षावर दोन मोजमापांची सरासरी, उभ्यावर त्यांतला फरक. मोठ्या ग्राफ्टमध्ये फरक वाढत जाताना दिसला, तर उभ्या अक्षावर टक्केवारी घ्या. निरीक्षकांसाठी आयसीसी (त्यांच्यातल्या सहमतीचा गुणांक), द्विमार्गी, संपूर्ण सहमतीचा प्रकार, ९५ टक्के विश्वासमर्यादेसह.

३० दात्यांत सहमतीच्या सीमेची (ज्या दोन रेषांत सुमारे ९५ टक्के फरक बसतात त्यांची) विश्वासमर्यादा दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.६२ पट येते (१.९६ गुणिले ३/३० चं वर्गमूळ). १०० दात्यांत ती ०.३४ पट होते. ३० वर गुणक काढायला हरकत नाही, पण ज्या दात्यांवरून काढला त्यांच्यावरच तपासून 'अचूक' म्हणू नका. पुढच्या दात्यांवर तपासा.

शल्यविद्यार्थी

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदी उघडून पाहिल्या. २२ दात्यांचा पातळ स्लाइसचा डेटा मिळतोय, ८ जणांचा फक्त ५ मिमी. मध्य यकृतशिरा सर्वांत दात्याकडेच ठेवली होती. वजन बहुतेक धुतल्यावरचं आहे, पण ५ नोंदींत वेळ लिहिलेली नाही. या ८ आणि ५ जणांचं काय करू?

कृष्णधवल

८ जण मुख्य विश्लेषणातून बाहेर. त्यांचा वेगळा तक्ता द्या. त्या २२ जणांचं ५ मिमीवरही मोजून ठेवा, म्हणजे एकाच यकृतावर जाडीचा परिणाम किती ते दाखवता येईल. वेळ नसलेले ५ अंदाजाने कुठल्याही गटात टाकू नका. आधी शस्त्रक्रियेची टिपणं आणि भूलतज्ज्ञांचा तक्ता पाहा. तरी कळलं नाही, तर विश्लेषण त्यांच्यासह आणि त्यांच्याविना, दोन्ही छापा.

डेटा बाहेर काढताना डायकॉम हेडर पुसलं तरी डोस रिपोर्टच्या पानावर आणि साठवलेल्या थ्री-डी चित्रांवर नाव छापलेलं राहतं. त्या सिरीज काढून टाका. दाता आणि रुग्ण बहुधा एकाच घरातले, शस्त्रक्रिया एकाच दिवशी, म्हणून तारखाही बदला. संमतीतून सूट मिळते असं गृहीत धरू नका. एथिक्स समितीचं पत्र हातात आल्यावरच फाइल हलवा.

मधली_शिरा

एक राहिलं. साध्या (इंजेक्शनशिवायच्या) सीटीवर यकृत ४० एचयूच्या (सीटीवरच्या घनतेच्या एककाच्या) खाली असलेले दाते वेगळे खुणावा. चरबीमुळे त्यांचं एक मिली यकृत वजनाला हलकं भरतं, त्यामुळे तुमचा गुणक त्यांना तसाच लागू पडेल असं धरू नका.