मदत हवी आहे: राहतं घर गिऱ्हाइकांना दाखवायचं कसं? कोणी परत फिरकत नाही

मोगरी
नमस्कार. सरळ विचारते. पुण्यातला आमचा टू बीएचके विकायचा आहे, डहाणूकर कॉलनीत. ऑनलाइन जाहिरात टाकली आहे, दोन एजंटांनाही सांगितलंय. लोक येतात, बघतात, "छान आहे, घरी बोलून कळवतो" म्हणतात आणि संपलं. नंतर फोनसुद्धा उचलत नाहीत. एजंट म्हणतो, "मॅडम, घर जरा प्रेझेंटेबल ठेवा." म्हणजे नेमकं काय करू? आम्ही त्याच घरात राहतोय. सकाळी डब्यांची घाई, दुपारी सासूबाईंची झोप, संध्याकाळी मुलाचा दहावीचा अभ्यास. त्यात एजंट खालून फोन करतो, "पार्टी आलीय, पाच मिनिटांत वर येतो."
दुसरं म्हणजे सासूबाई. येणाऱ्या प्रत्येकाला बसवून घेतात, पाणी देतात आणि नको ते सगळं सांगत बसतात. त्यांना न दुखवता त्या वेळेपुरतं बाहेर कसं पाठवायचं? आणि रंग काढावा का? दसऱ्याच्या आत टोकन व्हायलाच हवं, पुढचं घर बघून ठेवलंय. ज्यांनी स्वतःचं राहतं घर विकलंय त्यांनी कृपया सांगा.

ठाणेकर०९
कितवा मजला? लिफ्ट आहे का? पार्किंग? कारपेट किती? इमारत कोणत्या सालची? अपेक्षा किती? यातलं काहीच माहीत नसताना कोणी काय सांगणार?

रानजाई
मोगरी, आम्ही मागच्या वर्षी सहकारनगरमधला विकला, राहत असतानाच. पूर्ण घराला रंग काढू नका, पैसे वसूल होत नाहीत. नवा मालक आपल्या आवडीने पुन्हा काढतोच. फक्त हॉल आणि दाराची चौकट करून घ्या.
खरा फरक पडतो तो सामान कमी केल्याने. माळ्यावरचं, पलंगाखालचं, बाल्कनीत रचलेलं आत्ताच बांधून नातेवाइकांकडे ठेवा, नाहीतरी हलवायचंच आहे. बाल्कनीत उभं राहता आलं पाहिजे. गळके नळ बदला. माणसं बाथरूममध्ये शिरली की आधी नळ सोडून बघतात आणि फ्लश दाबतात. उडालेले दिवे बदला. ओट्यावर मिक्सरशिवाय काही नको. ज्या वेळी घरात ऊन येतं तीच दाखवायची वेळ ठरवा आणि एजंटला ठणकावून सांगा की त्या वेळेशिवाय दार उघडणार नाही. आम्ही शनिवार-रविवार सकाळी दहा ते बारा एवढंच ठेवलं होतं. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो त्या वेळेत येतो.

पिंपळपान
मुख्य दाराचं तोंड कोणत्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे, लोक तोंडावर बोलत नाहीत इतकंच. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का तेही सांगा.

ठाणेकर०९
पिंपळपान, त्यांनी दिशा विचारलेली नाही. दक्षिणेच्या दाराची हजारो घरं विकली जातात. भाव बरोबर असला की दिशा कोणी बघत नाही.

पिंपळपान
तुम्ही मानत नसाल, घेणारा मानतो. मी तीन घरं घेतली आणि विकली, प्रत्येक वेळी पहिला प्रश्न दिशेचाच आला. जाहिरातीत पूर्वाभिमुख असं लिहिता आलं तर फोन जास्त येतात. आणि पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, त्यामुळे जे काय करायचं ते गणपतीच्या आधी करा, नाहीतर थेट घटस्थापनेनंतर.

मोगरी
दार पूर्वेला आहे. तिसरा मजला, वर गच्ची. लिफ्ट नाही. एक कव्हर्ड पार्किंग आहे. हे सगळं जाहिरातीत आहे, म्हणून इथे लिहिलं नाही. १९९४ ची इमारत. वनाझचं मेट्रो स्टेशन जवळ आहे. किंमत आजूबाजूच्या भावानेच सांगतोय, जास्त नाही. मला घर कसं दाखवायचं तेवढंच हवंय.
रानजाई, वेळेचं पटलं. आजच दोघा एजंटांना सांगते.

चाफेकळी
गच्चीखालचा मजला म्हणजे पावसाळ्यात ओल येते का? येत असेल तर आत्ता दाखवणं थांबवा. दिवाळीनंतर भिंती कोरड्या झाल्या की मग जाहिरात टाका.

जुनाखेळाडू
हे अजिबात करू नका. मी घर घेताना मुद्दाम जुलैत बघतो. आणि ठाऊक असलेली गळती लपवून घर विकणं कायद्यातही बसत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याचं कर्तव्य आहे. चाफेकळी, तुम्ही लोकांना अडचणीत टाकताय.

चाफेकळी
मी लपवा म्हटलं नाही, कोरडं असताना दाखवा म्हटलं. दोन्हींत फरक आहे.

जुनाखेळाडू
ओलीचा कोपरा कोरडा झाल्यावर दाखवायचा आणि त्याबद्दल गप्प बसायचं, याला लपवणंच म्हणतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं असेल तर कधी केलं, कोणी केलं, हमी किती वर्षांची, ते बिल काढून टेबलावर ठेवा. माझ्या अनुभवात त्या कागदामुळे माणूस थांबतो, रंगामुळे नाही.

एडिसनवासी
आमच्याकडे न्यू जर्सीत घर दाखवायच्या वेळी मालक घरात थांबतच नाही. सगळे बाहेर जातात, एजंट चावी घेऊन दाखवतो. त्यामुळे लोक मोकळेपणी बोलतात, कपाटं उघडून बघतात. तुम्हीही तसंच करा.
एक प्रश्न माझाही आहे. माझ्या नावावर औंधला फ्लॅट आहे, तो विकायचा आहे. घेणारा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) १ टक्काच कापेल ना?

रानजाई
एडिसनवासी, इथे अनोळखी माणसाच्या हातात चावी देऊन राहत्या घरातून कोण बाहेर जाणार? घरात वयस्कर बाई आहेत, कपाटात दागिने असतात. उलट मी म्हणेन की येणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर एजंटकडून आदल्या दिवशी मागून घ्या, आणि मुलांच्या खोलीचा, देवघराचा व्हिडिओ काढू देऊ नका. आमच्याकडे एका माणसाने न विचारता सगळ्या घराचं चित्रण केलं होतं.

दस्तऐवज
एडिसनवासी, नाही. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला १ टक्का हा नियम विकणारा भारतात निवासी असेल तेव्हाचा. तुम्ही अनिवासी असाल तर रक्कम कितीही असो, वेगळ्या कलमाखाली बऱ्याच जास्त दराने कापावा लागतो. कमी दरासाठी आयकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र घेता येतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.
मोगरी, मूळ करारनामा कोणाच्या नावावर आहे? इंडेक्स टूवर (दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा) कोणाचं नाव आहे?

ओवी_क
मी घेणाऱ्यांच्या बाजूने सांगते, आम्ही सध्या घर शोधतोय. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हे एजंट सांगत नाहीत. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. घेणाऱ्याचा हा खर्च तुम्हाला माहीत असला तर घासाघीस करताना बरं पडतं.

मोगरी
ओवी, धन्यवाद, पण आम्ही विकणारे आहोत. दस्तऐवज, कागदपत्रं व्यवस्थित आहेत. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, कर भरलेला आहे, कर्ज नाही.
माझा प्रश्न सासूबाईंचा होता, त्यावर कोणीच बोललं नाही. परवा एक जोडपं आलं होतं. मुलगी स्वयंपाकघर बघून खूश झाली, किती कपाटं आहेत म्हणाली. मग सासूबाईंनी त्यांना बसवलं. वीस मिनिटांनी ते दोघं अगदी गप्प होऊन गेले.

चाफेकळी
त्या वेळी त्यांना शेजारी पाठवा किंवा नातवाबरोबर देवळात. माझ्या आईला आम्ही तसंच करायचो, तिला फिरायलाही मिळायचं.

वाटसरू_६१
मी असं करणार नाही. मी ६१ साली जन्मलेला, दोन वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये घर घेतलं. विकणारे आजोबा स्वतः दाखवत होते. पाण्याची वेळ, वरच्या मजल्यावरचे लोक, दुपारी कुठल्या खिडकीतून वारा येतो, सगळं त्यांनी सांगितलं. एजंटच्या तोंडून ते कधीच कळलं नसतं. आम्ही त्यांच्यामुळेच घर घेतलं.
ताई, सासूबाई नेमकं काय सांगतात ते आधी लिहा. त्या घरात किती वर्षं आहेत?

मोगरी
इमारत झाल्यापासून. काय सांगतात म्हणजे, पाणी सकाळी सहा ते आठच येतं, मोठ्या पावसात बेडरूमचा कोपरा ओला होतो, वॉटरप्रूफिंग २०२२ मध्ये केलंय, जिन्याच्या पायऱ्या अठ्ठेचाळीस आहेत, खालच्यांचा कुत्रा रात्री भुंकतो. मग हे घर सासऱ्यांनी कसं घेतलं, पगार किती होता, पतपेढीचं कर्ज कसं फेडलं. मग डोळे पुसतात आणि म्हणतात, "ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण घर अजून ह्यांच्याच नावावर आहे." समोरच्यांना काय बोलावं ते कळत नाही. म्हणूनच म्हणते त्यांना बाहेर पाठवायचं.

दस्तऐवज
मोगरी, हेच मी विचारत होतो. करारनामा सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते नाहीत. मग शेअर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव आहे? सासूबाई नॉमिनी होत्या का? मृत्युपत्र आहे का? तुमच्या यजमानांना भाऊ-बहीण किती?
लोक सासूबाईंच्या बोलण्याने कंटाळून जात नाहीत. त्या एका वाक्याने जातात. ज्याला गृहकर्ज काढायचं आहे, त्याला ठाऊक असतं की बँकेचा वकील इथेच अडवणार.

मोगरी
नॉमिनी सासूबाईच. सोसायटीने त्यांचं नाव सर्टिफिकेटवर चढवलंय. मृत्युपत्र नाही. एक नणंद आहे नाशिकला, संबंध चांगले आहेत, तिला काही नकोय. सोसायटीने नाव लावलं म्हणजे झालं ना?

दस्तऐवज
नाही. नामांकनामुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते ठरतं, मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी या तिघांचा समान वाटा. म्हणजे एक तृतीयांश सासूबाईंचा, एक तृतीयांश तुमच्या यजमानांचा, एक तृतीयांश नणंदेचा. सासऱ्यांची आई हयात असेल तर तिचाही.
नणंदेला काही नको असेल तर तिने हक्कसोडपत्र करून द्यावं, आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हवं. साध्या कागदावर संमती लिहून दिली तर बँक मानणार नाही.

जुनाखेळाडू
हक्कसोडपत्राची गरजच काय? तिघांनी विक्रेते म्हणून खरेदीखतावर सह्या करायच्या. एक दस्त वाचला.

दस्तऐवज
तेही चालतं, नणंद साठेखताला (विक्रीचा आधीचा करार) आणि खरेदीखताला दोन्ही वेळा पुण्यात येणार असेल तर. नाहीतर तिला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावं लागेल, म्हणजे एक दस्त आलाच. शिवाय तिघांनी सह्या केल्या तर भांडवली नफा तिघांच्या विवरणात दाखवावा लागेल. घर २००१ च्या आधीचं असल्याने खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत धरता येते, त्यामुळे बोजा कमी होईल, पण सीएंना आधी विचारा. काही बँका दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्रही मागतात, १८२७ च्या मुंबई विनियमाखालचं. त्याला वेळ लागतो, तेव्हा दसऱ्याचं मनात धरून बसू नका.

पिंपळपान
आणि पुढच्या घराचं टोकन आत्ताच देऊ नका.

मोगरी
नणंदेशी काल रात्री बोललो. ती हक्कसोड करायला तयार आहे, पण आधी आईच्या नावाने काही रक्कम ठेव म्हणून ठेवा म्हणाली. तेही बरोबर आहे. सासूबाईंना हे विचारायला हवं होतं असं तिचं म्हणणं. आज दुपारी आम्ही तिघं बसून बोललो.
आता प्रश्न असा, कागद होईपर्यंत घर दाखवणं थांबवायचं का?

दस्तऐवज
थांबवू नका. फोनवरच सांगा की वारसांचा दस्त चालू आहे, तीन वारस आहेत, वाद नाही. ज्याला घाई आहे तो येणार नाही, ज्याला घर आवडेल तो थांबेल. फाइल तयार ठेवा: करारनामा, इंडेक्स टू, मृत्यू दाखला, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नो ड्यूज, कराची पावती, वॉटरप्रूफिंगचं बिल. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीच्या मालकीचा दस्त) झालंय का तेही विचारून ठेवा, १९९४ ची इमारत आहे, घेणारे नक्की विचारतील. सोसायटीने हस्तांतरणाचे पैसे २५,००० पेक्षा जास्त मागितले तर देऊ नका, तेवढीच मर्यादा आहे.
कोणी टोकन देत असेल तर चेकने किंवा खात्यात घ्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. विसारपावतीत (टोकनची पावती) लिहा की वारसांचे दस्त ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाहीत तर पूर्ण रक्कम परत, दंड नाही. आणि पावतीवर तिन्ही वारसांच्या सह्या घ्या, एकट्या सासूबाईंची नको.

वाटसरू_६१
आणि सासूबाईंना बाहेर पाठवू नका. दस्ताचं काय चाललंय ते त्यांना नीट समजावून सांगा, म्हणजे तेही त्याच सांगतील.

मोगरी
शनिवारी दहा वाजता एक कुटुंब येतंय. फोनवर सगळं सांगितलं, तरी येतो म्हणाले. विसारपावतीचा मसुदा कुठे मिळेल? वकिलाकडूनच करून घ्यावा लागेल का?