टॉक्सिसिटी: विषाक्तता, विषारीपणा की बाधा?

प्रश्न (रत्नागिरीहून)

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा सारांश मराठीतही द्यायचा आहे. आंब्याच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) तयार केले. ते आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या, कोळंबीसारख्या जिवाच्या पिल्लांना आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना किती अपाय करतात, ते तपासलं. 'टॉक्सिसिटी'साठी मी 'विषाक्तता' लिहिलं. बाबा कोळंबीच्या बीजकेंद्रात कामाला आहेत, आर्टेमिया त्यांच्या रोजच्या हाताखालची. सारांश वाचून त्यांनी विचारलं, "चांदीला विष कोणी लावलं?" मला उत्तर देता आलं नाही. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद (वेंगुर्ल्याहून)

'विषारीपणा' लिहा. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद (दापोलीहून)

ताई, तुमच्या बाबांनी अगदी नेमकं बोट ठेवलं आहे. विषाक्त म्हणजे विष अधिक अक्त. अक्त म्हणजे माखलेलं, चोपडलेलं. विषाक्त बाण म्हणजे टोकाला विष लावलेला बाण. हिंदीत टॉक्सिसिटीला विषाक्तता रूढ आहे आणि तिथून ती आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत सहज येते. पण शब्द उघडून पाहिला तर त्यात बाहेरून माखलेपण आहे. सांडपाण्यानं नासलेल्या खाडीला तो शोभेल. तुमच्या कणाला नाही.

'विषालुता' हा शब्दही वाचनात येतो. दयाळू, श्रद्धाळू यांतला तोच प्रत्यय आहे, म्हणून शब्द शुद्ध. पण कोणाच्या तोंडी नाही.

'विषारीपणा'बद्दल माझी हरकत वेगळी आहे. विषारी हे विशेषण वस्तूला कायमचं चिकटतं. फुरसं विषारी, धामण बिनविषारी, मधलं काही नाही. प्रयोगशाळेत आपण मोजतो ते नेमकं मधलंच. पॅरासेल्सस या वैद्यानं 1538 साली लिहून ठेवलं की प्रत्येक द्रव्य विष आहे, ते विष ठरत नाही ते केवळ मात्रेमुळे. मीठसुद्धा एका मर्यादेपलीकडे जीव घेतं. तेव्हा 'चांदीचे कण विषारी आहेत का' या प्रश्नाला उत्तरच नसतं. किती दिले, किती वेळ ठेवले, कोणाला दिले, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही.

आणि हे तिन्ही पोटात घेणारं क्रियापद आपल्याकडे आहे: बाधणे. मासे बाधले, औषध बाधलं, हवा बाधली. बाधणं एकट्या वस्तूत नसतं. एकाच पंगतीत एकाला बाधतं, शेजारच्याला नाही. विषबाधा हा शब्द तर रोजच्या वर्तमानपत्रातला आहे.

प्रतिसाद (मालवणहून)

दापोलीकर सरांशी सहमत. आमच्याकडे 'मासो बाधलो' म्हणतत, म्हणजे मासो विषारी होतो असा नाय. केंडाची, म्हणजे फुगणाऱ्या माशाची, गोष्ट निराळी. जाळ्यात केंड ढिगान गावतत, पण केंड कोण खाणत नाय. त्येका 'बाधता' कोण म्हणाचा नाय, थय थेट विष.

आणखी एक शब्द आसा, उतणे. बिबो उतता, काजयेच्या बियेचा तेल हाताक लागला की उतता. कातडेवरच्या चाचणेक ह्यो शब्द चलात काय?

प्रतिसाद (दापोलीहून)

केंडाचं उदाहरण बरं निघालं. त्याच्या यकृतात आणि गाभोळीत असतं ते टेट्रोडोटॉक्सिन, शिजवूनही न जाणारं. सजीवानं तयार केलेल्या अशा विषाला इंग्रजीत 'टॉक्सिन' म्हणतात. माणसानं केलेल्या किंवा वातावरणात सोडलेल्या घातक द्रव्याला तो शब्द शास्त्रात लावत नाहीत. मराठीत पहिल्याला जैवविष आणि दुसऱ्याला विषद्रव्य म्हटलं की घोळ मिटतो. चांदीच्या कणांना 'टॉक्सिन' म्हणू नका, ही विनंती.

उतणे अप्रतिम. त्वचेवर फोड येईपर्यंतची दाहक क्रिया एका शब्दात. 'त्वचादाह' लिहायचं असेल तर लिहा, पण स्वयंसेवकाला समजावून सांगताना 'हे लावल्यावर अंगावर उततं का ते पाहणार आहोत' असं म्हणा. त्याला आपल्यावर काय होणार आहे ते त्याच क्षणी कळेल, आणि त्याची संमती खरी ठरेल.

प्रश्नकर्ती

पण सर, 'बाधकता' म्हटलं की कायद्याची कलमं आठवतात. आणि मार्गदर्शक म्हणतात 'घातकता' लिही, कारण आम्ही एलसी-50 काढलं आहे.

प्रतिसाद (दापोलीहून)

'बाधकता' मीही लिहिणार नाही. नाम हवं तर 'बाधा' पुरे, नाहीतर क्रियापद वापरा.

'घातक'चा अर्थ मात्र जपायला हवा. एलडी-50 ही कल्पना ट्रेव्हन या शास्त्रज्ञानं 1927 मध्ये मांडली, औषधांच्या निरनिराळ्या खेपांचा जोर ताडून पाहण्यासाठी. ज्या मात्रेत निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा. पाण्यातल्या जिवांसाठी मात्रेऐवजी पाण्यातलं प्रमाण धरतात, ते एलसी-50. पुढे ते इतकं रुळलं की कुठल्याही द्रव्याची तपासणी म्हणजे किती मेले ते मोजणं, असं समीकरण झालं. प्राण्यांची संख्या आणि यातना पाहून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती जुनी तोंडावाटे द्यायची चाचणी 2002 मध्ये आपल्या यादीतून काढली आणि कमी प्राण्यांत भागणाऱ्या पद्धती ठेवल्या.

शिवाय मरण ही बाधेची शेवटची पायरी. बोटींच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात पूर्वी ट्रायब्युटिलटिन असे. पाण्यात ते लिटरला काही नॅनोग्रॅम इतकं असलं तरी काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. गोगलगायी मेल्या नाहीत, त्यांची वीण थांबली. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. तिथे 'घातक नाही' असा अहवाल खराच ठरला असता, आणि किनारा ओस पडला असता. म्हणून जिथे मरण मोजलं तिथेच 'घातक' लिहा, बाकी ठिकाणी 'बाधा'.

तुमच्या पेशींच्या चाचणीत तर हे फार महत्त्वाचं. तुम्ही बहुधा एमटीटी चाचणी केली असेल, मॉसमन या संशोधकानं 1983 मध्ये दिलेली. एमटीटी या पिवळ्या द्रव्याचं पेशी आपल्या चयापचयातून जांभळे स्फटिक करतात, आणि रंग जितका गडद तितक्या पेशी कामात, असं धरतात. इथे मोजला जातो चयापचय. रंग फिका पडला म्हणून 'पेशी मेल्या' लिहिणं चूक. त्या मंदावल्या असतील, वाढायच्या थांबल्या असतील. 'पेशी तगल्या' हा सुंदर शब्दप्रयोग मरण-जगणं वेगळं मोजलं असेल तेव्हासाठी राखून ठेवा.

नॅनोकण या चाचणीत स्वतःही ढवळाढवळ करतात. कार्बनच्या नलिका जांभळे स्फटिक धरून ठेवतात, मग पेशी ठणठणीत असूनही आकडा खाली येतो. उलट, वनस्पतीच्या अर्कातली पॉलिफेनॉल द्रव्यं पेशी नसतानाही पिवळ्याचं जांभळं करू शकतात. तुमच्या कणांवर आंब्याच्या पानांचा अर्क आहे, तेव्हा तिथे बाधा झाकली जाण्याची शक्यता आहे. पेशी न घालता नुसते कण आणि एमटीटी असा एक संच लावला होता का?

प्रतिसाद (अलिबागहून)

मी औषधनिर्माणातला. आमच्याकडे एका शब्दाची फार ओढाताण होते: दुष्परिणाम. नेहमीच्या मात्रेत, औषध आपलं काम करत असतानाच जे नको ते होतं, तो दुष्परिणाम. मात्रा ओलांडल्यावर होते ती विषबाधा. पॅरासिटामॉल ठरल्या मात्रेत बहुतेकांना सोसतं, पण भलत्या मात्रेत यकृत निकामी करतं. त्याला 'पॅरासिटामॉलचा दुष्परिणाम' म्हटलं की लोक योग्य मात्रेलाही भितात.

आणि नेमकं काय बाधलं तेही लिहायला हवं. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. औषध ओळखीचं होतं, घात केला तो त्याला विरघळवायला घेतलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलनं. आधी प्राण्यांवर तपासणी झालीच नव्हती. दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा झाला. तेच द्रव्य 1986 मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं आणि 14 रुग्ण दगावले.

प्रतिसाद (दापोलीहून)

अलिबागकरांचा मुद्दा नॅनोकणांना तंतोतंत लागू आहे. सोन्याच्या नॅनोदांड्यांवर सीटीएबी नावाच्या द्रव्याचा थर असतो. पेशींना बाधतो तो बऱ्याचदा हा थर, आणि आळ येतो सोन्यावर. चांदीत आणखी एक गुंता: कणांतून चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात. बाधा कणाची की आयनांची?

शिवाय आकार. अळू घशाला खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पालकातही ऑक्झॅलेट भरपूर, पण सुया नाहीत, म्हणून पालक खाजत नाही. द्रव्य तेच, घडण वेगळी, बाधा वेगळी. त्यामुळे 'चांदी बाधते' असं मोघम वाक्य नको. कणाचा आकार, घडण, वरचा थर, कशात मिसळला, हे वाक्यातच यायला हवं.

'हरित पद्धतीनं केलेले, म्हणून निर्धोक' हेही कृपया लिहू नका. कण पानांच्या अर्कातून केला यानं तयार करताना लागणारी रसायनं कमी होतात. तयार झालेला कण कोणाला बाधतो की नाही, ते चाचणीच सांगते. निर्दोष निकाल आला तरी 'सुरक्षित आहे' ऐवजी 'अमुक मात्रेपर्यंत बाधा आढळली नाही' लिहा. शास्त्रातही बाधा न आढळलेली कमाल मात्रा अशीच नोंदवतात.

प्रश्नकर्ती

पेशी न घालता संच लावला नव्हता, उद्याच लावते. शीर्षक असं केलं: 'आंब्याच्या पानांच्या अर्कातून केलेल्या चांदीच्या नॅनोकणांची आर्टेमियाच्या पिल्लांना व पेशींना होणारी बाधा'. बाबा म्हणाले, "आता कळलं. पण पिल्लं किती तासांची घेतलीस?"

प्रतिसाद (दापोलीहून)

बाबांचा प्रश्न सारांशात जायलाच हवा. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू अंगातल्या साठ्यावर जगतं, खात नाही. पहिली कात टाकल्यावर खाऊ लागतं आणि पाण्यातले बारीक कण निवड न करता गिळतं. खाऱ्या पाण्यात चांदीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, तेही मग पोटात जातात. कात टाकण्याआधीची आणि नंतरची पिल्लं घेतली तर एकाच मात्रेचे निकाल वेगळे येऊ शकतात.

'कंट्रोल'ला 'तुलनागट' लिहा. तुम्हाला असे गट तीन लागतील: नुसतं समुद्राचं पाणी, पानांचा नुसता अर्क, आणि चांदीचे आयन मिळावेत म्हणून सिल्व्हर नायट्रेट. तिसऱ्याचं प्रमाण ठरवताना तुमच्या कणांतून किती चांदी सुटते ते आधी मोजून घ्या. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्या आयनांना धरतं, तेव्हा मोजणी गोड्या पाण्यात न करता त्याच पाण्यात करा.