नव्या अध्यक्षांनी आधी काय हातात घ्यावं: सिग्नलचे सेकंद की संघटनेचे तक्ते?

लंबक
वाहतूक अभियंत्यांच्या संघटनेला नवा अध्यक्ष मिळाला की प्राधान्यांची यादी ठरलेलीच: सुरक्षितता, नवं तंत्रज्ञान, तरुण सभासद, विविधता. आयटीईसारख्या (अमेरिकेतली वाहतूक अभियंत्यांची संस्था) १९३० पासूनच्या संघटनेत अध्यक्षाच्या हातात वर्षभरच असतं. तेवढ्यात चार कामं होत नाहीत, म्हणून एकच घ्यावं: प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या सिग्नलचे पिवळे आणि पादचारी वेळ पुन्हा मोजावेत.

अनेक ठिकाणी पिवळा सरसकट ३ सेकंद भरलेला असतो. हिशोब असा: प्रतिक्रियेचा १ सेकंद, अधिक वेग भागिले मंदनाची (ब्रेक लावल्यावर वेग कमी होण्याच्या दराची) दुप्पट. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, मंदन ३ मी/से² धरलं तर ३.३ सेकंद येतात. ४ टक्के उतारावर ३.७. तिथे ३ सेकंद ठेवले, तर धड थांबताही येत नाही आणि पिवळ्यात निघताही येत नाही असा नऊ-दहा मीटरचा पट्टा तयार होतो. पादचाऱ्यांची तीच गत. १४ मीटर रस्ता १.२ मी/से वेगाने ११.७ सेकंदांत ओलांडता येतो, ०.९ ने चालणाऱ्याला १५.६ लागतात.

कोरा नकाशा
असहमत. कंट्रोलर, म्हणजे सिग्नल चालवणारं यंत्र, पालिकेचा, संघटनेला त्यातला एक सेकंदही हलवता येत नाही. शिवाय सेकंद फुकट मिळत नाहीत. सायकल, म्हणजे सिग्नलची एक पूर्ण फेरी, किती सेकंदांची हवी हे सांगणारं वेबस्टरचं १९५८चं सूत्र लावा: दीड पट वाया वेळ (दिवे बदलताना फुकट जाणारे सेकंद) अधिक ५, भागिले (१ वजा प्रवाह-गुणोत्तरांची, म्हणजे येणारी वाहनं भागिले रस्त्याची क्षमता यांची, बेरीज). वाया वेळ १२ सेकंद आणि बेरीज ०.७५ असेल तर सायकल ९२ सेकंदांची. चारही फेजना (एकेका दिशेच्या हिरव्याच्या पाळ्यांना) एकेक सेकंद वाढवा, ती ११६ वर जाते. मग फुटपाथवरचा माणूस कंटाळून लाल असतानाच उतरतो.

संघटनेची खरी ताकद तिच्या पुस्तकांत आहे. ट्रिप जनरेशनचे, म्हणजे कुठल्या इमारतीमुळे किती वाहनफेऱ्या होतात त्याचे, आकडे बरेचसे उपनगरी, गाडीशिवाय पोचता न येणाऱ्या जागांचे. तेच स्टेशनलगतच्या इमारतीला लावले की फेऱ्या फुगतात आणि नको असलेली लेन मंजूर होते. मोजक्या ठिकाणांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत छापण्यावर पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. आधी ते तक्ते सुधारा.

लंबक
०.७५ ही गर्दीच्या वेळची बेरीज. रात्री ती निम्म्यावर येते, तेव्हा सायकल वाढण्याचं निमित्त सांगू नका. आणि चार फेज म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. वळणाची स्वतंत्र फेज काढा, ११६ ची पुन्हा ९२.

झेब्रा
थांबा, हा उपाय महागात पडेल. ती फेज काढली की समोरच्या वाहनांत फट शोधत वळणारा चालक रस्ता ओलांडणाऱ्याकडे बघतच नाही. काढायचीच असेल तर पादचाऱ्याला ३ ते ७ सेकंद आधी सोडा, म्हणजे गाडी वळेपर्यंत तो मध्यापर्यंत, नजरेच्या टप्प्यात पोचलेला असतो. ते सेकंद सायकलमध्ये धरायला विसरू नका.

पुस्तकांबद्दल मात्र कोरा नकाशा यांच्याशी सहमत. पिवळ्याचं जुनं सूत्र वाहन एकाच वेगाने चौक पार करतं असं धरतं. वळणारं वाहन तर आधीच मंदावतं, त्याला वेळ जास्त लागतो. ही चूक ओरेगॉनच्या मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी दाखवली, तर परवान्याशिवाय अभियांत्रिकी केली म्हणून तिथल्या परवाना मंडळाने त्यांना ५०० डॉलर दंड ठोठावला! आयटीईच्या २०२०च्या मार्गदर्शिकेत शेवटी वळणासाठीची दुरुस्ती आली. बाहेरच्याची हरकत वर्षभरात निकाली निघेल अशी पद्धत नव्या अध्यक्षांनी आधी बसवावी.

डिटेक्टर
सगळे कागदावरच बोलताय. डांबर खरवडताना लूपची, म्हणजे गाडी आली हे ओळखणाऱ्या रस्त्यात पुरलेल्या डिटेक्टरची, तार तुटली की कंट्रोलर सहसा गाडी कायम उभी आहे असं समजतो आणि रिकाम्या रस्त्याला दर सायकलला कमाल हिरवा देतो. पादचारी बटण मेलं तर उलट, चालण्याचा दिवा येतच नाही. मग ३.३ काय आणि ३.७ काय! पीटीओई ही वाहतूक-संचालनाची प्रमाणपत्र परीक्षा अभियंत्याची होते, कंट्रोलरची पेटी उघडणाऱ्या तंत्रज्ञाचं काय? आधी त्याचं प्रशिक्षण.

कोरा नकाशा
मोजणी करायचीच असेल तर निदान फॉर्म नीट काढा. फलकावरचा वेग नको, मोकळ्या रहदारीतला ८५वा पर्सेंटाइल (१०० पैकी ८५ गाड्या ज्याच्या आत असतात तो वेग) हवा. सोबत उतार, थांबरेषेपासून पलीकडच्या कडेपर्यंतचं अंतर आणि कंट्रोलरमध्ये प्रत्यक्ष भरलेला आकडा. मंजूर नकाशावरचा नव्हे. या दोहोंत फरक सापडतोच.

लंबक
मान्य. त्यात डिटेक्टर चालू की बंद, हा रकाना मी वाढवतो. तक्त्यांना मात्र पुढचा अध्यक्ष बघेल.