मदत हवी आहे: लेकीला सडबरी व्हॅली शाळेत घालावं का? आणि पुढे पुण्याला परतायचं झालं तर?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. लेक सातवीत आहे. अभ्यासात तिचं काही अडत नाही, पण गेल्या वर्षापासून रविवारची संध्याकाळ झाली की पोटात दुखायला लागतं. सगळ्या तपासण्या झाल्या, शरीरात काही दोष नाही. फ्रेमिंगहॅमच्या सडबरी व्हॅली शाळेचं नाव तिनेच काढलं. प्रवेशाआधी तिथे एक आठवडा पाहुणं म्हणून जावं लागतं, तेही करून आली. आता म्हणते, मला इथेच जायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही शाळा १९६८ सालची. जुनी दगडी हवेली, मागे तळं, आणि ४ ते १९ वर्षांची मुलं सगळी एकत्र. इयत्ता नाहीत, तास नाहीत, परीक्षा नाहीत. सकाळी आल्याची नोंद करायची आणि ठरलेले तास आवारात राहायचं, बाकी दिवस ज्याचा त्याचा. कुणाला काही शिकायचं असेल तर त्यानेच जाऊन विचारायचं. दर आठवड्याला शाळेची सभा भरते आणि तिथे चार वर्षांच्या पोराला आणि शिक्षकाला प्रत्येकी एकच मत. कोणते शिक्षक पुढच्या वर्षी राहणार हेसुद्धा दरवर्षी गुप्त मतदानाने ठरतं.

मला सगळ्यात भावली ती त्यांची न्यायसमिती. नियम मोडला की कुणीही लेखी तक्रार करू शकतं, आणि समितीत लहानमोठी मुलं आळीपाळीने बसतात. पाहुणी असतानाच्या त्या आठवड्यात आमच्या बाईसाहेब चित्रं काढून रंग आणि ब्रश तसेच उघडे टाकून आल्या. दुसऱ्या दिवशी समितीपुढे बोलावणं! कागद वाचून दाखवला, तिची बाजू ऐकली, मग सात-आठ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "ब्रश वाळून कडक झाले, आता ते कुणी वापरायचे?" तिने चूक मान्य केली, ब्रश धुऊन दिले, विषय संपला. कुणी ओरडलं नाही, घरी चिठ्ठी आली नाही. हे सांगताना ती रडवेली नव्हती, उलट त्या मुलाचा प्रश्न कसा बरोबर होता हे मला पटवून देत होती. शाळेतली गोष्ट ती इतक्या उत्साहाने सांगतेय हे मी कित्येक महिन्यांनी पाहिलं.

माझं मन तयार आहे. नवऱ्याचं नाही, आणि त्याची काळजी मला खोटी वाटत नाही. पीटर ग्रे आणि डेव्हिड चॅनॉफ या संशोधकांचा या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांवरचा १९८६ चा अभ्यास मी त्याला वाचायला दिला. ज्यांना कॉलेजात जायचं होतं त्यांना तिथे फारसं जड गेलं नाही, असं त्यात आहे. तो म्हणतो, ते इथलं झालं. सासऱ्यांची तब्येत बघता दोन-तीन वर्षांत पुण्याला परतावं लागलं तर? गुणपत्रिका नाही, इयत्ता नाही, तिला घेणार कोण?

तर अशा शाळेत मुलं असलेल्या पालकांनी कृपया लिहावं. पहिलं वर्ष घरी कसं गेलं? गणिताचं काय झालं? आणि पुण्यात परतलेल्यांनी दहावीचं कसं जमवलं?

रानवारा:
ताई, दहावीची चिंता सोडा. माझ्या मुलाने शाळेत न जाता एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या मंडळातून, दहावी केली. किमान वय १४, पाच विषय, त्यात एक तरी भाषा लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एकेक-दोनदोन विषय सुटे देता येतात. मंडळ केंद्र सरकारचं आहे, त्यावर अकरावीला प्रवेश मिळतो. गणित सक्तीचं नाही, पण तिला सायन्सला जायचं असेल तर घ्यायलाच हवं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. मराठी हा विषयही आहे. एकच करा, सातवीपर्यंतची सगळी प्रगतिपुस्तकं आणि जन्मदाखला जपून ठेवा.

दूरदेशी:
आमचा मुलगा अशाच एका शाळेत होता, दुसऱ्या राज्यात. पहिले सहा-आठ महिने "आज काय केलंस?" याचं उत्तर "पत्ते खेळलो" एवढंच. बायको आणि मी रात्र रात्र यावर बोलायचो. त्या काळात आम्ही संध्याकाळी गणिताच्या वह्या काढून त्याला बसवायला लागलो आणि तो आमच्याशी बोलेनासा झाला. वह्या बंद केल्यावर गाडी रुळावर आली. पुढे एसएटी (इथली कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची ठरवल्यावर तो स्वतः एका शिक्षकाकडे गेला, बीजगणित पहिल्यापासून केलं, घाम गाळून केलं. कॉलेजने मुलाखत घेतली, निबंध मागितला, शिवाय त्याने कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) दोन विषय आधीच केले होते, त्याचा फार उपयोग झाला.

पण धाकटीला तिथे करमलं नाही. तिला वर्ग, बाक, ठरलेला तास हवा होता. वर्षाने ती सरकारी शाळेत परत गेली आणि आनंदात आहे. तुमच्या लेकीने आठवडाभर राहून स्वतः ठरवलंय, ही जमेची बाजू. साहेबांना म्हणावं, एकदा तिथल्या पालकांशी स्वतः बोला.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. धाकटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते त्याला जास्त पटलं, कारण परतीची वाट आहे हे त्यातून दिसतं. रानवारा, एकच विचारते: एनआयओएससाठी नाव नोंदवताना मधल्या दोन-तीन वर्षांचा काही दाखला मागतात का, की वयाचा पुरावा पुरतो? परदेशातून आलेल्या कुणाचा अनुभव असेल तर तोही सांगा.