मंगळावर हवा एवढी विरळ, मग वाळू उडते कशी?

गोदाकाठ: बीएस्सीचा प्रोजेक्ट करतेय, नाशिकलाच. मंगळावर गुरुत्व आपल्या ३८ टक्के पण हवेची घनता जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास, मग वारा वाळू हलवतो कशी? आणि इथे काही करून बघता येईल का?

सिडकोकर: पहिला कण उचलायला वारा जबरदस्त लागतो हे खरंय, पण एकदा उडाला की कमी गुरुत्वामुळे उंच आणि लांब जातो, खाली येताना दुसऱ्या कणांना धडकून उडवतो, मग बऱ्याच कमी वाऱ्यातही ते चालू राहतं. ह्याला सॉल्टेशन म्हणतात. वाळू वाऱ्याने कशी उडते यावरचं बॅगनॉल्ड या संशोधकाचं १९४१ चं पुस्तक वाचच, आजही पाया तोच आहे.

गोदाकाठ: थँक्यू दादा! पण गुरुत्व कमी कसं करणार?

पंचवटी_४२२००३: ते होत नाही ताई, म्हणून नासाच्या एम्स (Ames) संशोधन केंद्रातल्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडायच्या बोगद्यात, हवेचा दाब कमी करतात आणि हलके कण म्हणून अक्रोडाच्या कवचाची पूड वापरतात. तू टेबल फॅन, नदीची वाळू आणि तीच पूड घे, दोन्ही एकाच मापाच्या चाळणीतून काढ म्हणजे फरक वजनाचाच राहील, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये चाळण्या असतात. मैद्याइतकी बारीक नको, कण एकमेकांना चिकटतात आणि उडतच नाहीत. आणि गॉगल घाल प्लीज.