चार्जिंग स्टेशन ही हौस आणि पॉवर बँक हीच गरज? मला अजिबात पटत नाही

कंदील:
परवा एक लेख फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. त्याचं म्हणणं असं की घरातल्या प्रत्येकाला एकेक दणकट पॉवर बँक द्या, टेबलावरचं चार-पाच पोर्टांचं चार्जिंग स्टेशन म्हणजे नुसती हौस. पॉवर बँक घरीही चालते आणि बाहेरही, मग दोन वस्तू हव्यात कशाला? खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. ती पाहिल्यावर राहवलं नाही.

घरात बसून रोज पॉवर बँकेवर फोन लावणं म्हणजे विहिरीच्या काठावर हंडा ठेवून पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि मग टाकीतून हंड्यात घ्यायचं. भिंतीतली वीज बँकेच्या सेलमध्ये भरताना काही भाग उष्णतेत जातो. सेलचे ३.७ व्होल्ट वाढवून ५ किंवा ९ करताना आणखी जातो. फोनमध्ये ते व्होल्ट पुन्हा उतरवून सेल भरताना आणखी. आणि नुसती वीजच जाते असं नाही. लिथियम सेलचं आयुष्य फेऱ्यांमध्ये मोजतात; पूर्ण भरून रिकामा झाला की एक फेरी. साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. जी वस्तू अडीनडीला धावून यायला हवी, तीच आपण सोफ्यावर बसून झिजवतो.

स्टेशनमध्ये सेलच नाही. गॅलियम नायट्राइड हा सिलिकॉनऐवजी वापरला जाणारा अर्धवाहक; त्याच्या चार्जरमध्ये स्विचिंग, म्हणजे विजेची चालू-बंद, फार वेगात होतं, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि १०० वॉट मुठीत मावतात. लॅपटॉप, फोन, घड्याळ, इअरबड्स सगळं एका जागी. माझं मत स्पष्ट आहे: आधी स्टेशन घ्या. पॉवर बँक नंतर, आणि तीही लहान.

रानवाटा:
तुमचं सगळं गणित ‘टेबल आहे’ इथून सुरू होतं. मी जमिनीच्या मोजणीचं काम करतो. सकाळी बाहेर पडलो की अंधार पडेपर्यंत मोजणीचं यंत्र, नकाशे उघडलेला फोन आणि कडक ऊन. सॉकेट दिसतो तो रात्री खोलीवर परतल्यावर, आणि तो एकच, तिघांत मिळून. मी दुपारी चार्जिंग स्टेशन कशात खुपसू? झाडाच्या बुंध्यात?

कितीतरी लोकांचं काम टेबलाशी होतच नाही. सामान पोचवणारे, गाडी चालवणारे, पहाऱ्यावर उभे राहणारे. त्यांचा फोन बंद पडला की त्या दिवसाची कमाई बंद पडते. त्यांना ‘पॉवर बँक नंतर घ्या’ सांगणं मला चीड आणतं. तुमच्या सोयीला तुम्ही नियम म्हणताय.

ओममीटर:
कंदील, तुमची बाजू मला मान्य आहे, पण स्टेशनचं इतकं कौतुक नको. खोक्यावरचे १०० वॉट बहुतेक वेळा सगळ्या पोर्टांचे मिळून असतात. एकच उपकरण लावलं तर १००, दुसरं लावलं की ६५ आणि ३० अशी वाटणी. शिवाय नवीन उपकरण लावलं की बरीच स्टेशनं सगळ्या पोर्टांचा पुरवठा क्षणभर तोडतात आणि कुणाला किती वीज द्यायची याच्या वाटाघाटी नव्याने सुरू करतात. माझा छोटा सर्व्हर अशाच एका पोर्टावर होता. मुलीने फोन लावला की सर्व्हर रीस्टार्ट. कारण सापडेपर्यंत मी मेमरी कार्डावर संशय घेत होतो. खोक्यावर याबद्दल एक ओळ नाही, हे मला अक्षम्य वाटतं.

आणि केबल! यूएसबी-सीच्या साध्या केबलमधून ३ अँपिअरच जातात, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायचं तर ई-मार्कर चिप (केबल किती वीज पेलते हे उपकरणाला सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल लागते. लोक १०० वॉटचं स्टेशन घेतात, जुनी केबल लावतात आणि लॅपटॉप हळू चार्ज होतो म्हणून स्टेशनला दोष देतात.

पाटीपेन्सिल:
स्टेशन आणि बँक राहू द्या बाजूला. मला आधी एमएएचबद्दल, म्हणजे बॅटरीवर छापलेल्या मिलिअँपिअर-अवरच्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत २०००० छापलेलं. माझा फोन ५००० चा. शाळेतला मुलगासुद्धा सांगेल, चार वेळा भरला पाहिजे. पूर्ण तीन वेळाही भरत नाही. नवी कोरी असताना भरत नव्हता. दुकानदार म्हणाला, ‘असंच असतं.’ असंच असतं म्हणजे काय? ही उघड फसवणूक आहे.

ओममीटर:
फसवणूक नाही. तो आकडा आतल्या सेलचा आहे, ३.७ व्होल्टला. २०००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर, हे ऊर्जेचं माप. व्होल्टेज वाढवताना गळती होऊन बाहेर साठ-पासष्ट येतात. तुमच्या ५००० च्या फोनचा सेल साधारण ३.८५ व्होल्टचा, म्हणजे १९ वॉट-अवरच्या थोडा वर. तो भरताना फोनच्या आतही थोडं वाया जातं, आणि फोन चालू असेल तर तोही खातो. तीनच्या आत येणं अगदी अपेक्षित आहे.

पाटीपेन्सिल:
म्हणजे तुम्हालाही माहीत आहे की २०००० बाहेर येत नाहीत, बनवणाऱ्यालाही माहीत आहे, फक्त विकत घेणाऱ्याला माहीत नाही. मग फसवणूक कशाला म्हणतात? तुम्ही गुणाकार करून दाखवलात, आभारी आहे. पण तो गुणाकार मी का करावा? मी सेल विकत घेत नाही, बाहेर येणारी वीज विकत घेते.

ओममीटर:
अहो ताई, फोनवरचा आकडाही सेलचाच असतो. सगळे तसंच छापतात. एमएएच म्हणजे विद्युतभार. व्होल्टेज सांगितल्याशिवाय त्यातून ऊर्जा कळत नाही, एवढंच.

पाटीपेन्सिल:
‘एवढंच’ नाही. तेच तर मी म्हणते आहे! फोनची बॅटरी फोनलाच चालवते, तिचा आकडा मला दुसऱ्या कशाशी भागायचा नसतो. पॉवर बँकेचा एकमेव उपयोग दुसऱ्याला वीज देणं हा आहे. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॉट-अवर छापतातच ना? मग इथे ठळक अक्षरांत का नाही? कारण ७४ पेक्षा २०००० मोठं दिसतं. दुसरं कारण असेल तर सांगा.

ओममीटर:
दुसरं कारण माझ्याकडे नाही. वॉट-अवर पुढच्या बाजूला छापले पाहिजेत, हे मान्य. ‘फसवणूक’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही, कारण छापलेला आकडा खोटा नाही.

रानवाटा:
खरा आकडा दाखवून चुकीची समजूत करून देणं हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट. पाटीपेन्सिल ताईंशी पूर्ण सहमत. मोजणीच्या यंत्रासाठी किती बँका न्यायच्या हे मी सुरुवातीला त्याच आकड्यावरून ठरवायचो आणि दुपारी काम थांबायचं.

कंदील:
बघा, पॉवर बँकेची बाजू घेणाऱ्यांनाच ती पुरत नाही. माझा मुद्दा सुरक्षिततेचाही आहे. आमच्याकडे एक बँक कपाटाच्या खणात पडून होती. एके दिवशी खण उघडेना. जोर लावून ओढला तर बँक फुगून खणाच्या फळीला टेकलेली, आणि शेजारी मुलांच्या वह्या. तेव्हापासून मला ही वस्तू घरात नकोशी वाटते.

ही एकट्या माझी भीती नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं ए३२१ विमान उड्डाणाआधीच पेटलं. माणसं वाचली, विमानाचं छप्पर जळून गेलं आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली. अँकरसारख्या नावाजलेल्या कंपनीलाही जून २०२५ मध्ये अमेरिकेत विकलेल्या ११ लाखांहून जास्त बँका परत मागवाव्या लागल्या. आणि तो लेख म्हणतो, प्रत्येकाला एकेक ‘दणकट’ द्या! १०० वॉट-अवरच्या वर, म्हणजे साधारण २७००० एमएएचच्या वर गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर तर नेताच येत नाही. आणि कितीही लहान असली तरी चेक-इनच्या सामानात टाकायची नाही.

दुसरी पाळी:
मी रुग्णालयात रात्रपाळी करते. खाटेमागचे सॉकेट मॉनिटर आणि पंपांसाठी असतात. एका रात्री रुग्णाच्या भावाने इन्फ्यूजन पंपाचा (शिरेतून औषध सोडणारं यंत्र) प्लग काढून स्वतःचा फोन लावला. पंपाला आत बॅटरी असते म्हणून औषध थांबलं नाही. अलार्म वाजला, मी धावत गेले. त्याच्यावर ओरडले, आणि मग त्याचा चेहरा बघितला. गावाकडे आईला कळवायचं होतं आणि फोन दोन टक्क्यांवर आला होता.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी दाखल होणार असलं की मी कपड्यांच्या आधी पॉवर बँक घ्यायला सांगते. कंदील, तुमचे फेऱ्यांचे आणि गळतीचे हिशोब बरोबर असतील. त्या रात्री ते कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

कंदील:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. रुग्णालय, फिरतीचं काम, वीज गेलेलं घर, इथे बँकच हवी. पण मी विरोध करतोय तो घरी पलंगावर पडून रोज बँक वापरण्याला. तुम्ही सांगितलेल्या रात्री ती भरलेली आणि धडधाकट असायची असेल, तर एरवी तिला हात लावायचा नाही. त्यासाठीच घरी स्टेशन हवं.

रानवाटा:
आता कुठे तुम्ही ‘आधी’ आणि ‘नंतर’ सोडलंत. मात्र ‘एरवी हात लावायचा नाही’ याच सल्ल्याने तुमची खणात फुगली असेल. पूर्ण भरून बंद खणात महिनोन्महिने ठेवली की सेल जास्त वेगाने म्हातारा होतो. मी रोज वापरतो, उन्हात ठेवत नाही, तापते का याकडे लक्ष असतं. पडून राहणार असेल तेव्हा निम्मी भरून ठेवतो.

कंदील:
निम्मी भरलेली बँक घेऊन रुग्णालयात जायचं का मग?

ओममीटर:
दोघंही थांबा. घरात पडून राहणार असेल तर निम्म्यावर ठेवा, बाहेर पडायच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. यात भांडण्यासारखं काही नाही. कंदील, त्या फुगलेल्या बँकेचं काय केलंत? पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना ‘फुगलेली आहे’ असं सांगून द्या.

कंदील:
गच्चीच्या कोपऱ्यात वाळूच्या डब्यात आहे. या आठवड्यात देऊन येतो.

पाटीपेन्सिल:
माझा प्रश्न अजून तिथेच आहे. ज्यांच्याकडे बँक आहे त्यांनी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा आणि पुढचा आकडा, वॉट-अवर आणि रेटेड क्षमता (प्रत्यक्षात बाहेर मिळणारी) असे तिन्ही इथे लिहा. निदान पुढच्या माणसाला घेण्याआधी कळेल.

रानवाटा:
लहानी: पुढे १००००. मागे ३७ वॉट-अवर, रेटेड ५ व्होल्टला ६०००. मोठी: पुढे २००००. मागे ७४ वॉट-अवर, रेटेड १२०००. तिसरीवर वॉट-अवरही नाहीत आणि रेटेडही नाही. ती उद्यापासून कामावर नेणार नाही.